इंजिन गार होऊ द्यावं

सोमवार, १० मार्च
ही माहेरी गेली. विश्रांतीसाठी, असं मी धरून चालतो. काल मिक्सरचं भांडं भिंतीवर आदळलं त्याचा इथे संबंध नाही. मी नेम भिंतीवर धरला होता आणि भिंतीलाच लागलं. ही चांगली दोन हात लांब होती.
जाताना म्हणाली, "रविवारी ये. शांत असशील तरच बोलू."
मी मुळात शांतच आहे.
संकल्प: रविवारी गाडी घेऊन जायचं आणि हिला घेऊन यायचं. गाडीत जळक्या ऑइलचा वास येतो म्हणून ही दोन वर्षं नाकाला रुमाल लावून बसते. इंजिनवर ऑइलचा थर साचलाय. तो मी स्वतःच्या हाताने काढणार. बघेल आणि विरघळेल. (ही. थर तर विरघळेलच.)

मंगळवार, ११ मार्च
मेकॅनिककडे गेलो. त्याने सगळं समजावलं, मी लिहून घेतलं. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. मग ऑइलचा थर सोडवणारा डिग्रीजर मारून दहा मिनिटं नुसतं थांबायचं. मऊ ब्रशने घासायचं. पाणी साध्या पाइपने, बारीक धारेने. प्रेशर अजिबात नको.
वर म्हणतो, "साहेब, दहा मिनिटं थांबणं जमेल ना?"
हे 'जमेल ना' कशासाठी?
डिग्रीजर आणला. दुकानदाराने तीनदा 'कुठला हवा' विचारलं. काउंटरची काच तडकली. ती आधीच तडकलेली असणार. एका बुक्कीने चांगली काच तडकत नाही.

बुधवार, १२ मार्च, संध्याकाळी
ऑफिसातून आलो आणि तडक बॉनेट उघडलं. गार होण्याची वाट बघितली. निदान चार मिनिटं. फवारा मारताच इंजिन फुस्सकन अंगावर आलं. धूर, वाफ, डोळ्यांत आग. मनगट भाजलं. मी बंपरला लाथ घातली. बंपर निघाला.
सैलच होता.

गुरुवार, १३ मार्च
रजा टाकली. बॅटरीचा नट निघेना. आधी प्रेमाने, मग जोर लावून, मग हातोडीने. टर्मिनल तुटलं. बोटांची सालं निघाली.
दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर गॅलरीतून म्हणाले, "अहो, हळू. ते लोखंड आहे, वैरी नाही."
पाना हातातून सुटला आणि त्यांच्या स्कूटरच्या आरशात गेला. ते खाली आले. मी त्यांची कॉलर पकडली म्हणतात. मी ती सारखी करत होतो. दोन बटणं तुटली. वॉचमनने मला मागून विळखा घालून बाजूला नेलं. बाजूला नेण्यासारखं काही नव्हतं.
मास्तरांना आज बीपीची गोळी जास्तीची घ्यावी लागली, असं त्यांच्या सूनबाई जिन्यात मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या.

शुक्रवार, १४ मार्च
मेकॅनिक नवं टर्मिनल बसवून गेला. आज सगळं लिहिल्याप्रमाणे. इंजिन गार. वायर काढली. पिशव्या बांधल्या. डिग्रीजर मारला आणि दहा मिनिटं खरोखर थांबलो. पायरीवर बसून. हातात काही नव्हतं. काळा चिखल आपोआप ओघळायला लागला.
मग चाळीस मिनिटं ब्रश. थराखालून धातू निघाला, त्यावरचा नंबर निघाला. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हिला फोन करून सांगावंसं वाटलं. म्हटलं, रविवारी दाखवूच.
फक्त मागच्या कोपऱ्यात एक डाग. बोटाएवढा. घासला, जाईना. पुन्हा डिग्रीजर, जाईना. तो माझ्याकडे बघत होता. वॉचमनकडून टाकी धुवायचं प्रेशर मशीन हिसकून आणलं (मागून आणलं) आणि डागाच्या तोंडावर पूर्ण धार सोडली.
डाग गेला. पिशव्याही गेल्या. फ्यूज बॉक्समध्ये पाणी.

शनिवार, १५ मार्च
मेकॅनिक फोनवर म्हणाला, दोन दिवस वाळू द्या, किल्लीला हात लावू नका. मी वायर जोडून अकरा वेळा लावला. अकराव्याला फ्यूज बॉक्समधून धूर आला आणि सगळं बंद.
मग मी जॅकचा दांडा घेतला. हेडलाइट, दुसरा हेडलाइट, पुढची काच. काच एका फटक्यात जात नाही, सहा लागतात. बॉनेटवर किती मारले ते मोजले नाहीत. हात फाटला, ते नंतर कळलं.
दमून वळलो तर फाटकाशी मास्तर. म्हणाले, "तुमच्या मिसेस येऊन गेल्या. दहाएक मिनिटं उभ्या होत्या. बॅग खालीसुद्धा ठेवली नाही."
एक दिवस आधीच आली होती. आपणहून.
सात टाके.

रविवार, १६ मार्च
बसने गेलो. सासऱ्यांनी दार उघडलं, हाताच्या बँडेजकडे बघितलं आणि ते आत गेले. सासूबाईंनी चहा ठेवला. त्याही गेल्या. ही समोर बसली.
मी म्हणालो, इंजिन एकदम स्वच्छ झालंय.
ही म्हणाली, "मला तुझी भीती वाटते."
"कसली भीती? कसली भीती?" मी म्हणालो आणि टेबलावर हात आपटला.
कप उडाला. हिने तो पडायच्या आत पकडला. माझ्याकडे बघत असताना, कपाकडे न बघता. एक थेंब सांडला नाही.
इतका सराव कधी झाला?
कप तिने स्वतःच्या बाजूला, लांब ठेवला.
परत बसने आलो. एकटाच.