‘माय’ गाण्याचं तिसरं कडवं

मी, प्रज्ञा बन्सी भिंगारदिवे, वय चोवीस, बी.ए., राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही बरीचशी. तरी माझ्या पश्चात भांडणं नकोत.

१. बँकेतली शिल्लक आईची, गीताबाईची. बाबांनी ती त्यांच्या गायन पार्टीच्या स्पीकरसाठी मागू नये.

२. पुस्तकं विहारातल्या अभ्यासिकेला. कपाटाला कुलूप लावू नये.

३. माझी सगळी गाणी चेतन साळवे यांना, काटछाटीच्या हक्कासह. चेतनदादा बाबांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या तालमीत मी ‘माय’ म्हटलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तिसरं कडवं रडकं हाय, प्रज्ञा. लोक उठून जातील.” माझा भाऊ सम्राट अंगावर धावला. “तिची तब्येत काय, तू बोलतो काय! आधी एक ओळ लिहून दाखव.” त्या दिवसापासून चेतनदादा आले नाहीत. सम्राट, टीव्हीवरच्या फलंदाजाला तू बसल्या जागी शिव्या देतोस, तुला कोणी बॅट धरायला लावत नाही. ज्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, त्याला बोलायचा हक्क आहे. फक्त त्यानं गाण्याबद्दल बोलावं. माझ्या आजाराबद्दल किंवा बन्सीच्या पोरीबद्दल नव्हे. तू त्यांच्या घरी जाऊन माफी मागावीस.

४. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत ‘समाजाची गुणी लेक’ वगैरे भाषणं नकोत. माझी गाणी म्हणा आणि कुठं कंटाळा आला ते लोकांना विचारा. त्या दिवशी कोणी खरं सांगणार नाही, तरी विचारा.

५. ‘माय’बद्दल वेगळं. तिसऱ्या कडव्यात माझ्या कॉलेजसाठी आई पदर तोंडाला लावून रडते. परवा बॅग भरताना मी आईला पहिल्यांदाच विचारलं, गाणं कसं वाटलं?

“चांगलं हाय. पन मी रडले कवा गं?”

“मग काय केलंस?”

“तुझ्या बापाची वाजवायची पेटी उंबऱ्याभाईर ठिवली. म्हनलं, पोरीचं नाव कालेजात घाला, मंग आत येईल ही.”

सबब ते कडवं मी रद्द करते. नवं अजून जमलेलं नाही. परत आले तर मी लिहीन. न आले तर चेतनदादांनी लिहावं आणि आधी आईला म्हणून दाखवावं. ती ‘व्हय’ म्हणेपर्यंत ते गाणं कोणीही म्हणू नये. बाबांनीसुद्धा.

लिहून ठेवणार : प्रज्ञा बन्सी भिंगारदिवे (सही)

प्रज्ञाने आमच्यासमोर सही केली. या कागदातून आम्हाला काही मिळत नाही.
साक्षीदार : धनश्री राधाकृष्ण दरंदले (सही)
तौसीफ गनीभाई शेख (सही)

नेवासा, ४ फेब्रुवारी २०२६