ग्रहणातली लाल वाइन

२ जुलै १९६३

अण्णांनी आज बजावलं — "यंदा चर्चनं आपली लाल वाइन घेतली नाही, तर वेली काढायच्या. जमिनीचे तुकडे करून घरांच्या साइट म्हणून विकू. सरी?" मीही कानडीतच सरी, म्हणजे बरं, म्हणालो. वडिलांना दुसरं काय म्हणणार!

आजोबांनी लावलेला मळा. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, जन्मात वाइनचा थेंब चाखलेला नाही. घरात चाखणारा जाणकार एकटा मी — आणि माझ्या हातून दरवर्षी होतो तो शिरका! गेल्या वर्षीचा आईनं लोणच्यात घातला. लोणचं मात्र झकास झालं.

६ जुलै

आज चंद्रग्रहण. आईची संध्याकाळपासून धावपळ. मी पिंपांपाशी वाइनचं इंग्रजी पुस्तक उघडून बसलो. झोप छान लागली.

२३ जुलै

पाद्री आले. घोट घेतला, डोळे मिटले.

"लवंगेसारखा वास... सुंदर! पण निव्वळ द्राक्षं ना? पूजेला दुसरं काही चालत नाही."

"निव्वळ!" मी छाती फुगवून. मग मातीवर, उतारावर, राजाजीनगरकडून येणाऱ्या वाऱ्यावर लांबलचक व्याख्यान झोडलं. त्यांनी सगळी पिंपं घेतो म्हटलं. अण्णांनी पाठ थोपटली. केवढा मोठा माणूस मी!

२५ जुलै

गाडीवर चढवण्याआधी एका पिंपाचं बूच काढलं. वर तुळस तरंगतेय!

"आई!!"

"ग्रहणात अन्नापाण्यात घालतात की रे, हंबीर. एवढ्या मोठ्या पिंपाला एक पान कसं पुरेल? मूठ मूठ घातली सगळ्यांत."

म्हणजे माती नाही, वारा नाही. आणि मी तर नाहीच नाही!

गप्प बसलो तर मळा वाचतो. पण ते लोक ही वाइन देवापुढे ठेवणार. आपल्या नैवेद्यात कुणी असं गुपचूप काही मिसळलं असतं तर? फार वाईट वाटतंय. वेलींकडे बघवत नाही.

२६ जुलै

पाद्र्यांना जाऊन सांगितलं. पोट धरून हसले. मग हळूच म्हणाले, "घेता येणार नाही."

२७ जुलै

अण्णांना सगळं सांगितलं. तुळशीचं ऐकताच उठले. पिंपातली पळीभर वाइन उजव्या तळहातावर घेतली, तीर्थासारखी प्यायले, हात डोक्यावरून फिरवला.

"स्वल्प आंबट आहे," म्हणाले. "वेली राहू देत."