बेडरूममधलं परीक्षा केंद्र

२० एप्रिल २०२१

परीक्षा रद्द! दहावीची बोर्डाची परीक्षा – रद्द. टीव्हीवर खाली पट्टी आली आणि समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी शिट्टीच मारली. वर्गाच्या ग्रुपवर नुसते नाचणारे स्टिकर. मनालीचा मेसेज – ‘ईश्वरी, वाचलो गं!’

बाबा तळोज्याहून कंपनीतून येताना पेढे घेऊन आले. दुकानं बंद असताना कुठून मिळवले कोण जाणे. दारातूनच ओरडले, “सुटलीस पोरी!”

आणि मी रडायला लागले. बाबा हातात बॉक्स घेऊन तसेच उभे. बिचारे!

२१ एप्रिल

त्यांना कसं सांगू? नववीत सहामाहीच्या वेळी मला डेंग्यू झाला. उठून उभी राहिले की चक्कर. नंतर परत परीक्षा घेतली, ती तशीच कशीबशी दिली. वार्षिक तर लॉकडाऊनमध्ये झालीच नाही. म्हणजे नववीच्या निकालात माझे जे मार्क आहेत ते माझे नाहीतच – तापाचे आहेत!

हे वर्षभर मी फक्त बोर्डासाठी अभ्यास केला. वाशीच्या कॉलेजला सायन्स घ्यायचंय. एकदा बोर्डात दाखवायचं होतं, बस.

२८ मे

मूल्यमापन ठरलं. दहावीच्या शाळेतल्या चाचण्यांचे तीस. तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेचे वीस. आणि नववीचे पन्नास.

अर्धे मार्क नववीचे!

जेवले नाही. आई दोनदा ताट घेऊन आली. बाजूला बसून राहिली. मग माझी वेणी सोडून पुन्हा घातली. लहानपणी घालायची तशी, घट्ट.

३० मे

जयमाला बाईंना फोन केला. आमच्या वर्गशिक्षिका, गणित शिकवतात. वर्गात कडक, पण आज आवाज मऊ होता. स्वतः आजारातून नुकत्याच उठल्यात, मधेमधे खोकत होत्या.

म्हणाल्या, “नववीचे गुण मीच भरलेत गं. तुझं नाव आलं तेव्हा थांबले होते. पण ते बदलता येत नाहीत, आणि बदलूही नयेत.”

 मग म्हणाल्या, “तू पेपर लिहिशील? सगळे? मी काढते, मीच तपासते. कुठे धरले जाणार नाहीत हं ते मार्क. पण तुला कळेल तरी.”

मी नुसतं “हो बाई” म्हटलं. चार वेळा!

७ जून

उद्यापासून आमच्याकडे दहावीची परीक्षा!

बाई कळंबोलीला राहतात. बाबांनी कंपनीतून येता येता त्यांच्या गेटवरून पाकिटं आणली. बंद, वर सही. प्रत्येक पाकिटात दोन प्रती – एक माझी, एक पर्यवेक्षकांची. पर्यवेक्षक म्हणजे आई!! तिने पाकिटं कपाटात साड्यांखाली ठेवली आणि किल्ली कमरेला. मी गंमत म्हणून मागितली तर म्हणाली, “हात नाय लावाचा. परीक्षा हाय.”

८ जून

मराठी. माझ्या बेडरूममध्ये टेबल, खुर्ची. आई दाराशी स्टुलावर – नीट साडी नेसून, मास्क लावून! घरातल्या घरात मास्क! म्हटलं, “आई, काढ ना.” तर म्हणे, “शालेत असता तर काडला असता का?”

घंटा म्हणून स्टीलचं ताट वाजवलं. शेजारच्या मीना काकू दार उघडून बाहेर – “परत ताटं वाजवायला सांगितली की काय?” बाबा बाहेर हसून हसून बेजार. नाइट शिफ्ट करून आले होते, पण झोपले नाहीत. माझा पेपर संपेपर्यंत टीव्ही लावला नाही, मोबाईलवर कुणाशी बोललेसुद्धा नाहीत.

निबंध छान झाला. हात दुखतोय. किती दिवसांनी दुखतोय!

१४ जून

बीजगणित. शेवटचं उदाहरण सुटलं!!!

१९ जून

इतिहास. आज एक झालं, ते लिहून ठेवते.

तक्ता पूर्ण करून मी मान वर केली. आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मांडीवर पाट, त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ती लिहीत होती. तिच्याकडची प्रश्नपत्रिका समोर. ओठ हलत होते, पण आवाज नाही.

मी परत खाली बघितलं. पेपर संपल्यावर विचारलं, “काय लिहीत होतीस?”

“काय नाय. बसून कंटाला आला.” आणि पान घडी करून पदराआड.

मी म्हटलं, “तुला तर येत असेलच सगळं, तुझी दहावी झालीय ना.”

तर ती तांदूळ निवडत, माझ्याकडे न बघता – “नाय झाली. शाला केली सगली, परीक्षेला नाय बसले. त्या साली लगीन ठरला.”

इतकी वर्षं मी सगळीकडे ‘आईचे शिक्षण – दहावी’ असं लिहीत आले. तिनेही कधी खोडलं नाही. मी तांदूळ निवडायला बसले तिच्याबरोबर.

२१ जून

भूगोल, शेवटचा पेपर. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी खुर्ची ठेवली आणि कोरे कागद. आईने बघितलं. “आनि लक्ष कोन ठेवनार?” मी म्हटलं, “तू माझ्यावर, मी तुझ्यावर.”

बसली. माझ्याआधी पुरवणी मागितली तिने!

सगळे कागद बांधून बाबांनी बाईंकडे पोचवले. आईचे पण – आजचा भूगोल आणि साड्यांखाली सापडलेलं ते कॅलेंडरचं पान. तिला न सांगता मीच घातले त्यात.

१६ जुलै

बोर्डाचा निकाल. वेबसाइट बंदच पडली. दुपारी दिसला – एकाहत्तर टक्के. मनालीला नव्वद. तिच्यासाठी खरंच बरं वाटलं. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

संध्याकाळी बाबांबरोबर बाईंकडून गठ्ठा आला. बीजगणितात चाळीसपैकी छत्तीस. विज्ञानात एका ठिकाणी लाल शाई – ‘एकक कुठे आहे? अर्धा गुण गेला.’ बाईंनी काहीच फुकट दिलं नाही! सगळे मिळून सत्त्याऐंशी टक्के.

बाबांनी तो आकडा बोटाने चाचपून बघितला. म्हणाले, “आपला निकाल हाच.”

गठ्ठ्यात खाली आईचे दोन पेपर होते. तेही तपासलेले. आई ते घेऊन गॅलरीत गेली. किती मिळाले, सांगत नाही. सांगतच नाही!

१० ऑगस्ट

अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी होणार होती. त्यासाठी पुन्हा अभ्यास सुरू केला होता. आज कोर्टाने तीही रद्द केली. आता प्रवेश बोर्डाच्या एकाहत्तरवरच. वाशीचं राहूनच गेलं.

या वेळी रडले नाही. सत्त्याऐंशी टक्क्यांची मुलगी मी आहे, हे घरात तिघांना आणि कळंबोलीत एका बाईंना माहीत आहे.

४ ऑक्टोबर

पनवेलच्या कॉलेजात सायन्स मिळालं. वर्ग अजून मोबाईलवरच. गणिताचे सर छान शिकवतात.

आई रोज दुपारी मीना काकूंकडे जाते. म्हणे लोकरीचं शिकतेय. अजून एक टोपीही दिसली नाही.

१५ मार्च २०२२

दहावीची परीक्षा सुरू झाली, यंदा खरोखरची. मराठीचा पेपर. केंद्राबाहेर आम्ही तिघं – बाबा, जयमाला बाई, मी. आत आई.