चंद्र नदी ओलांडेपर्यंत

आमच्या यांनी मृत्युपत्रावर तारीख घातली नाही. बाकी सगळं लिहिलं, अक्षर मोत्यासारखं, आणि शेवटी सम्राटाच्या राजवटीचं वर्ष धरून "हेइसेई बावीस, शरद ऋतूतला शुभदिन" असं लिहून शिक्का मारला. लग्नपत्रिकेवर लिहितात तसं. देवळाच्या पाटीवर लिहितात तसं. कोर्टातल्या माणसाने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि मला म्हणाला, "आजी, शुभदिन म्हणजे नेमका कोणता?" मी म्हटलं, "ज्याला ठाऊक होतं त्याला कालच जाळलं." कागद रद्द झाला. वरचा संत्र्यांचा मळा सुनेला द्यायचा होता, कारण त्या झाडांची छाटणी पंधरा वर्षं तिने केली. कायद्यात सुनेला जागा नाही. मळा अर्धा मला आला, अर्धा मुलाला गेला, आणि मुलाने आपला अर्धा विकला. आता तिथे उन्हापासून वीज करायच्या काचा उभ्या आहेत. पाखरं त्यांना तळं समजून खाली उतरतात आणि फसतात.

म्हणून मी तारीख आधी लिहिते, नमस्कार मागाहून. सम्राट बदलला, म्हणून आता रेइवा सहा, बाहेरच्या जगाचं दोन हजार चोवीस, नोव्हेंबर महिन्याची चौदा तारीख, गुरुवार. शुभ की अशुभ, मला माहीत नाही.

आता नमस्कार. मी कुरामोतो हात्सुए, वय चौऱ्याऐंशी, राहणार यावाताहामा, बंदरामागच्या चढावरचं पाचवं घर. शाळा सहावीपर्यंत, तीही संत्र्यांचा हंगाम नसेल तेव्हा. हा कागद मी शुद्धीवर असताना, कुणी हात न धरता, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर माझं, चुका माझ्या. कुणाला वाचता आलं नाही तर चष्मा बदलावा, कागद नाही.

पहिलं, घर. हे घर माझ्या वडलांचं. आमचे हे घरजावई म्हणून आले, त्यामुळे घरावर नाव माझं एकटीचं आहे आणि त्यात कुणाचा शुभदिन आड येत नाही. घर, अंगण, मागची विहीर आणि विहिरीवरचं आंबट संत्र्याचं झाड मी माझी सून तोयोको हिला देते. सून म्हणजे माझ्या मुलाची बायको. मुलगा विसरला असेल, पण सरकारी दप्तरात अजून तसंच आहे. तिने घरात राहावं, विकावं, पाडावं. तिला कुणी जाब विचारू नये. छप्पर आग्नेयेला गळतं, हे तिला सांगायला नको. बादली तीच ठेवते.

दुसरं, मुलगा. तेत्सुरोला मळ्याचा माझा उरलेला अर्धा भाग आणि पोस्टातली सगळी बचत. कायद्याने मुलाचा जो हिस्सा राखलेला असतो तो यात पुरा होतो, मी कचेरीत दोनदा जाऊन विचारलं. याउपर त्याने घरावर बोट ठेवू नये. त्याच्यावर माझा राग आहे का, असं शेजारणी विचारतात. राग धरायला माणूस समोर लागतो. हेइसेई आठच्या वसंतात तो समुद्रापलीकडच्या बेप्पूच्या बोटीवर चढला. हातात पिशवी, पिशवीत गेमचा दुसरा कंट्रोलर. "याची वायर दुरुस्त करून आणतो," म्हणाला. अठ्ठावीस वर्षं झाली. वायर फार बिघडलेली असावी. तिकडे त्याने दुसरं घर केलं. सुखात असेल तर असो. कंट्रोलर मात्र परत करावा.

तिसरं, ते मशीन. इथे मी जरा सावकाश लिहिणार आहे, घाई असेल त्याने चहा ठेवावा.

गेमचं हे मशीन तेत्सुरोने जाण्याच्या आदल्या शरदात आणलं. त्यात सीडी घालायची, झाकण लावायचं आणि वाट पाहायची. सीडी एकच, "कासुमीगावा". नदीकाठी आठ जण एकमेकांना बडवतात, दुसरी गोष्ट काही नाही. पण प्रत्येक लढाईआधी मशीन सीडी वाचत बसतं, म्हाताऱ्याने पत्र वाचावं तसं, कुरकुरत. तेवढा वेळ पडद्यावर धुक्यातली नदी दिसते, एक बगळा एका पायावर उभा, आणि चंद्र एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला जातो. चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. तेत्सुरो त्या चाळीस सेकंदांवर चिडायचा, मांडीवर मुठी आपटायचा. त्याला लढाई हवी होती. मला वाटतं, ज्याला बगळा पाहवत नाही तो घरात टिकत नाही.

तो गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. आमचे हे दिवसभर मळ्यात. मी आणि तोयोको एका छताखाली, आणि आमच्यात बोलणं म्हणजे "भात झाला" आणि "भात संपला". ती माहेरी जाईल म्हणून मी वाट पाहत होते. मी तिला हाकलीन म्हणून ती वाट पाहत होती. मग संत्री निवडायच्या शेडमधला पहिला पगार झाला तेव्हा ती कागदात गुंडाळून एक कंट्रोलर घेऊन आली. मशीन करडं, हा निळा.

"आई, याला दोन लागतात," ती म्हणाली. "मशीनशी एकटीने भांडायला मी वेडी नाही."

"आणि माझ्याशी भांडायला?"

"तुमच्याशी भांडायला शहाणीच लागते."

मी बसले. तिने तुटक्या तलवारीचा सामुराई घेतला, हाचिमोन. तिला तुटकी माणसं आवडतात, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी ओताकीला घेतलं. ओताकी मासे विकणारी म्हातारी, डोक्यावर टोपली, हातात लाकडी चप्पल. सगळ्या आठांत दुबळी. तेत्सुरो म्हणायचा, "हिला कुणी घेतच नाही." म्हणूनच घेतली. उडी जेमतेम वीतभर, पण पाठ वळवली की चप्पल जोरात बसते.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झाल्यावर एक सामना. थंडीत शेगडीच्या टेबलाखाली पाय, मध्ये संत्र्यांची टोपली. सामन्यात आम्ही बोलत नाही. सामन्याबाहेरही बोलत नाही. फक्त चंद्र नदीवर असतो तेवढं बोलतो. कुणी ठरवलं नाही, तसं पडलं.

"आई, आमटी खारट होती का?"

"होती."

"मग दोन वाट्या कशा संपवल्यात?"

"तक्रार करायची तर पुरावा संपवून करावी."

एवढ्यात चंद्र पलीकडे पोचतो, घंटा वाजते, आणि आम्ही एकमेकींना मारायला लागतो. तिची आई गेली ते तिने मला तिथेच सांगितलं. माझ्या दोन गेलेल्या पोरी, तेत्सुरोच्या आधीच्या, ज्यांची नावं मी आमच्या यांच्यापुढेही काढली नाहीत, त्या मी तिला तिथेच सांगितल्या. एकीला एक चंद्र, दुसरीला दुसरा. तिने मान हलवली नाही, सांत्वन केलं नाही. घंटा झाली आणि तिने मला हरवलं. मला बरं वाटलं.

मशीनच्या पाठीत बटणाएवढा सेल असतो. कोण किती जिंकलं ते त्याच्या जोरावर आत राहतं. सेल बदलायचा तर मशीन चालू असताना. हेइसेई चौदाच्या डिसेंबरात वर्षअखेरची साफसफाई करताना मी वायर काढली, सेल काढून पुसला, परत बसवला आणि सहा वर्षांच्या दुपारी पुसून टाकल्या. पडद्यावर शून्य आणि शून्य. तोयोकोने नवा सामना लावला. पुढच्या चंद्रात म्हणाली, "आई, तुम्ही धूळ फार मन लावून पुसता." त्याहून कठोर शब्द मला सासरी कुणी बोललं नाही. अर्थात सासर मला नव्हतंच.

तर मशीन, सीडी, टीव्ही आणि निळा कंट्रोलर तोयोकोचा. सेल दर दोन वर्षांनी, चालू मशीनमध्ये. आज मी एका सामन्याने पुढे आहे. ते कुणी पुसू नये, बरोबरीही करू नये. मेलेल्या बाईला एका सामन्याची आघाडी जड नाही.

चौथं, किरकोळ. माझी छाटणीची कात्री शेजारच्या इशिमारूबाईंना, कारण ती त्यांच्याकडेच आहे. लोणच्याचं दगडी वजन माशांच्या वड्या तळणाऱ्या ओगिनो यांना. त्यांच्या वड्या पूर्वी चपट्या असायच्या, आता फुगतात. वजन ठेवून पाहावं.

पाचवं, थडगं. याच्यासाठी हा कागद.

आमच्या कुरामोतोंचं थडगं टेकडीवर आहे, जाळल्यावर उरलेली सगळ्यांची हाडं तिथे एकत्र ठेवतात, आणि तिथून बेप्पूची बोट दिसते. त्याची देखरेख पुढे कुणी करायची हे मृत्युपत्रात नेमता येतं, आणि मी तोयोकोला नेमते. पण देखरेख वेगळी आणि आत येणं वेगळं. नवऱ्याने सोडलेल्या बाईने नवऱ्याच्या घरच्यांत हाडं ठेवावीत, असा कायदा नाही. हल्ली पुष्कळ जणी नाही म्हणतात आणि मला ते पटतं. म्हणून मी गृहीत धरलं नाही, विचारलं. गेल्या फेब्रुवारीत, चंद्र नुकता निघाला होता.

"तोयोको, मेल्यावर कुठे जाणार?"

"कोण मेल्यावर? तुम्ही की मी?"

"तू. आत माझ्याशेजारी जागा आहे."

ती बगळ्याकडे बघत होती. चंद्र मध्यावर आला. "आणि ते आले तर?" म्हणजे तेत्सुरो.

"त्याने त्याची जागा बोटीवर घेतली. मी तुला विचारते आहे."

तिने तोंड उघडलं. घंटा झाली. तिने मला दोन्ही डावांत असं मारलं की ओताकीला चप्पल उचलायला वेळ मिळाला नाही. मग उठली, म्हणाली, "चहा ठेवते." चहा म्हणजे उत्तर नव्हे. त्यानंतर रोज चंद्र गेला, तिने भावाच्या गुडघ्याचं सांगितलं, मांजराचं सांगितलं, हे सांगितलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा विचारलेलं जिवंत असतं, दोनदा विचारलं की भीक होते.

हल्ली मला दुपारी बसल्याबसल्या ती नदी लागते. डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप सैल झाली आहे. मला छातीत सीडीची कुरकुर ऐकू येते. धुकं पायापर्यंत, डोक्यावर टोपली, टोपलीत मासे नाहीत, दोन लहान पोरी झोपलेल्या, वजन काहीच नाही. बगळा मान वळवून बघतो. गेममध्ये तो कधी वळत नाही. पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही, पण मी थांबते, कारण अजून घंटा झालेली नाही. मग तोयोको खांदा हलवते, "आई, तुमचा डाव," आणि मी परत येते. एक दिवस खांदा हलवून उपयोग होणार नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही. भात मात्र एक वाटी कमी लावावा.

तिने नाही म्हटलं तरी घर तिचंच. हो म्हटलं तरी घर तेवढंच, गळणारं. या दोन्हींची गाठ कुणी घालू नये. हा सौदा नाही, प्रश्न आहे.

हे सर्व मी लिहिलं, वाचलं आणि मान्य केलं.

ठिकाण: यावाताहामा, माझं घर, मशीनची खोली.
तारीख: वर लिहिली आहे, पुन्हा लिहिते. रेइवा सहा, नोव्हेंबर चौदा.
सही: कुरामोतो हात्सुए. शिक्का मारला.

साक्षीदार: इशिमारू फुकुए, शेजारीण. ओगिनो मासातोशी, वड्यांचं दुकान. हाताने लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत असं कचेरीत सांगितलं. पण या दोघांनी पन्नास वर्षं आमच्या घरात काय चाललंय ते पाहण्यातच घालवली. आता सही करू दे.

शिक्क्याखाली आणखी लिहिते आहे, म्हणून याखाली दुसरा शिक्का मारते. माझी हाडं वर थडग्यात नेण्याआधी मशीन लावावं. तोयोकोने हाचिमोनला घ्यावं, दुसऱ्या बाजूला ओताकी ठेवावी, निळा कंट्रोलर माझ्या बसायच्या उशीवर. चंद्र निघाला की तिने उत्तर द्यावं, तोंडाने, मोठ्याने. मान हलवलेली चालणार नाही, चहा चालणार नाही. तेत्सुरो बोटीने आलाच तर त्याने बाहेर अंगणात थांबावं आणि तिच्या वतीने एक शब्द बोलू नये. इशिमारूबाईंनीही नाही. उत्तर तोयोकोनेच द्यायचं, घंटा होण्याच्या आत.