एकशे चौसष्ट कोणाला धरून आहे

१२ जानेवारी

आई आणि मी मामांच्या गावाहून, आण्याहून, आताच परतलो. मामांना झोप नाही, याला तीन महिने झाले. म्हणजे कमी झोप नव्हे. झोपच नाही.

दुपारी पडवीत बाजेवर बसले होते, डोळे उघडे. एकाएकी उजवा हात उचलून हजेरी घेऊ लागले. (आजारपणाची रजा घेईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते.) एकेक नाव, नावानंतर थांबणे, उत्तर ऐकल्यासारखी मान, मग बोटाने हवेत खूण. मामी हळूच म्हणाली, "निम्मी पोरं आता बाप झाली. त्यातली दोन तर वारली बी." त्या दोन नावांनंतरही मामांनी मान हलवली, खूण केली.

खांद्याला हात लावला की भानावर येतात आणि फार आशेने विचारतात, "झोपलो होतो का गं मी?"

आजोबांचे, मामांच्या वडिलांचे, असेच झाले होते, याच वयात; त्यातच ते गेले. त्या घरात तेव्हापासूनचा नेम: ज्याची झोप गेली, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. आजोबांच्या हाकेला मामांनी ओ दिली होती, आईने नाही. म्हणून आपण सुटलो, असे आई मानते. मी ते खोडत नाही. तिच्याजवळ दुसरे काय आहे?

१५ जानेवारी

मामांच्या रक्ताचा अहवाल आला. एका प्रथिनाच्या साखळीत १६४व्या जागी आर्जिनिन हवे, तिथे दुसरेच अमिनो आम्ल आहे. पुढे लिहिले आहे: या बदलाचा अर्थ निश्चित सांगता येत नाही.

आजोबांकडून आला असेल तर आईत असण्याची शक्यता निम्मी. आईत असेल तर माझ्यात पुन्हा निम्मी. पुण्याच्या डॉक्टरांनी आईला रक्त देण्यास सुचवले आहे.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय नेमका हाच. प्रथिन दुमडल्यावर साखळीत दूर असलेली कोणती अमिनो आम्ले एकमेकांना येऊन टेकतात, ते मोजायचे. माझ्या मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, "१६४ कोणाला धरून आहे ते पाहा. कोणालाच धरून नसेल, तर बदलून फारसे बिघडणार नाही."

आईला हे सोपे करून सांगितले. ती म्हणाली, "मग तुजं गणित काय म्हणतंय त्ये आदी सांग. रगात द्यायचं का नाय, मग ठरवू."

सबंध वर्गात कधी हात वर न केलेल्या मुलीवर एवढे ओझे...

१९ जानेवारी

प्रत्येक अमिनो आम्लाचा, साखळीच्या कण्यातला कार्बन घेतला. दोन कार्बनांत आठ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर असेल तर संपर्क. साखळीतले लगतचे तीन-तीन वगळले. शेजारी एकमेकांना लागूनच असतात, त्यातून काही कळत नाही.

१६४: लगतचे सोडून दखल घेण्याजोगे कोणीही नाही.

संगणकावर पुन्हा चालवले. कोणीही नाही. डोळ्यांतून पाणी आले. मॅडमना तक्ता पाठवला.

२० जानेवारी

आईला सांगितले. तिने एकदम बेसन काढले. मासवड्या केल्या, आडवारी! मामीला फोन: "आमच्या प्रज्ञीनं काढलं शोदून. त्ये काय वंगाळ न्हाई म्हन." रक्तासाठी घेऊन ठेवलेली पुण्याची तारीख रद्द करवली.

बाबा पिकअप घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला निघाले होते. ताटावर बसत म्हणाले, "झ्याक झालं राव. घरात यक डाक्टर, यक पेशंट, अन् मी डायवर. आता पेशंट कमी झालं."

"मंग डायवरनं रस्सा जरा कमी वरपावा," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

२६ जानेवारी

आणे. मामा फार वाळले आहेत. जेवणानंतर पुन्हा हजेरी. आम्ही तिघी उंबऱ्यात बसलो होतो. मुलांची नावे संपली आणि त्याच सुरात ते म्हणाले, "शकुंतला."

आईचे नाव. मामीने तिचा दंड धरला. "वन्सं, ओ देऊ नका. पाया पडते."

आई म्हणाली, "आता कशाला भ्यायचं? पोरीनं बघितलंय समदं." मग मोठ्याने, शाळेतल्यासारखे: "हजर, दादा."

मामांनी मान हलवली, खूण केली. चेहरा इतका निवला, की आम्हाला वाटले, आता झोपतील.

पण त्यांचे बोट हवेतच होते. "प्रज्ञा."

मी त्यांच्या शाळेत कधीही नव्हते. मामा थांबले. मुलांसाठी थांबतात त्याहून बराच वेळ थांबले. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. विज्ञान शिकलेल्या माझ्या तोंडातून. मग बोट खाली आले; कोणती खूण केली ते मी पाहिले नाही.

परतताना घाटात आई म्हणाली, "तू का गं न्हाई बोललीस? तुला तर म्हाईत हाय ना, त्यात काय बी न्हाई म्हनून?"

२९ जानेवारी

मॅडमचा निरोप, एकच ओळ: "कडेच्या साखळ्या धरल्यास का?"

नाही धरल्या, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाचे कण्यातून बाजूला निघालेले हात. मी कण्यापासून कण्यापर्यंत मोजले. दोन माणसे हातात हात घालून उभी असली आणि आपण पाठीच्या मणक्यांमधलेच अंतर मोजले, तर ती लांब आहेत असेच निघेल. आर्जिनिनची कडेची साखळी तर सर्वांत लांब हातांपैकी. हे मला बी.एस्सी.पासून पाठ आहे. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात चालवलेली जुनी आज्ञावली उघडली आणि तीच वापरली, कारण उत्तर लवकर हवे होते. कारण 'कोणीही नाही' हे उत्तर हवे होते.

आज सर्व अणू धरून मोजले, मर्यादा साडेचार अँगस्ट्रॉम. या प्रथिनाच्या नोंदीत एकाच रेणूच्या वीस प्रतिकृती आहेत, कारण तो सतत किंचित हलत असतो. वीसही तपासल्या. बहुतेक सर्वांत १६४चा हात एकाच ठिकाणी पोहोचतो: १७८.

आणि जगात ज्या घराण्यांमध्ये माणसांची झोप अशी जाते, त्यांच्यात बहुधा बदललेला असतो तो १७८च.

एका टोकाने सुटो वा दुसऱ्याने. पकड तीच. हा पुरावा नव्हे, पुन्हा पुन्हा लिहिते आहे, हा पुरावा नव्हे. पण आईला मी जे सांगितले, ते खोटे आहे.

३१ जानेवारी

सांगितले नाही.

कांद्याच्या खुरपणीवरून येऊन आई दुपारी आडवी होते. मी वही घेऊन समोर बसते. श्वास मोजते. आज तिची बोटे हलली. चिमटीत काही धरून उपटल्यासारखी, एकदा, दोनदा. सकाळभर गवत काढलेली बोटे झोपेत हलणारच. की ही झोप नव्हे? पापण्या पूर्ण मिटल्या होत्या का? वाकून पाहिले.

"काय बगती?" डोळे न उघडता ती म्हणाली. "मला बी मोजती व्हय?"

मी वही मिटली.

२ फेब्रुवारी

सांगितले. चुलीपाशी, बाबांच्या देखत. हातात हात, मणके, लांब हात, सर्व.

आई भाकरी थापायची थांबली नाही. "म्हंजे आटला घावलं न्हाई अन् साडेचारला घावलं?"

"हो. आधी मी भलतीकडून मोजत होते."

"अन् मी तिकडं हजर म्हनून बसले." भाकरी तव्यावर टाकली. "तुज्या ह्या नव्या मोजन्यानं माज्या अंगात हाय का नाय, त्ये कळतंय?"

"नाही. ते रक्तातूनच कळते."

"मंग ह्ये पयल्या दिशीच सांगायचं व्हतं. गणित सांग म्हनून मी इचारलं, त्ये खरं. पर तू तरी सांगायचं." रागावली नाही. रागावली असती तर...

बाबा उठून बाहेर गेले, गाडीचे चाक उगाच बघत बसले. मग आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "पुन्याला कवा जायचं? परवा गाडी रिकामीच हाय."

४ फेब्रुवारी

पुणे. समुपदेशक बाई शांत स्वभावाच्या. रक्त घेण्याआधी अर्ज. शेवटचा प्रश्न: निष्कर्ष आपणास कळवावा काय? होय, नाही, अशा दोन चौकटी.

आई म्हणाली, "मला नगं. हिला सांगा."

बाईंनी समजावले: ज्याचे रक्त, त्यालाच सांगतात. मुलीला जाणून घ्यायचे असेल तर तिने स्वतःचे द्यावे. मात्र एक ध्यानात घ्या. मुलीत तो बदल निघाला, तर तो आईकडूनच आलेला असणार. म्हणजे मुलीला तिचे कळले की आईचेही कळले.

आईने थोडा विचार केला. 'नाही'च्या चौकटीत खूण केली, अंगठ्याएवढी मोठी सही केली. रक्त द्यायला बाही वर करत म्हणाली, "दादाच्या कामी यील म्हनत्यात, म्हनून देते. मला ठावं नसलं म्हंजे मी झोपंन. तू तुजं बग."

मी रक्त दिले आहे. माझा अर्ज मात्र घरी आणण्यास बाईंनी परवानगी दिली. शेवटचा प्रश्न भरून सोमवारपर्यंत पाठवायचा.

६ फेब्रुवारी

'होय' लिहिले आणि बदल निघाला, तर ते मला आईपासून आयुष्यभर लपवावे लागेल. आणि मला काही लपवता येत नाही. परीक्षेत एक गुण गेला तरी तिला दारातूनच कळत असे. 'नाही' लिहिले, तर दर दुपारी समोर बसून तिची बोटे पाहत राहीन.

अर्ज मांडीवर आहे. नाव, वय, गाव भरले. पेन हातात.

आई समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे. मी काय लिहिणार, हे तिने एकदाही विचारलेले नाही. शेंगा फोडते, दाणे सुपात टाकते, एकही दाणा बाहेर पडत नाही. शेंगांकडे मात्र ती पाहत नाही. मघापासून माझ्या तोंडाकडेच पाहते आहे.