आमच्याच सड्याआड

१० ऑक्टोबर १९६५, रविवार

ही वही श्रावणात बांद्याच्या बाजारात घेतली. रोज लिहायचं म्हणून. आज दसराही उलटून गेला आणि पहिलं पान कोरं! आज लिहू, उद्या लिहू. मध्ये पंधरा दिवस वेंगुर्ल्याला एका दुकानात बसलो, मग ते सोडलं, मग पेन हरवलं. खोटं कशाला, पेन खिशातच होतं.

आज लिहितोय, कारण डोकं तापलंय.

सत्यवान मास्तरांनी वर्तमानपत्र दाखवलं. मोठं शेंडेनक्षत्र येतंय. जपानातल्या दोघा हौशी माणसांनी शोधलं म्हणे. हौशी! म्हणजे आमच्यासारख्यांनी. २१ तारखेला सूर्याला अगदी घासून जाणार, त्यातून वाचलं तर पुढे पहाटे पूर्वेला दिसणार, लांब शेपटीसकट. मास्तर शाळेत गणित शिकवतात. त्यांच्याकडे जहाजावरची पितळी दुर्बीण आहे, चोरबाजारात मिळालेली. त्यांनी मुंबईच्या तारे बघणाऱ्या मंडळाला पत्रही टाकलं — आम्ही तीन पहाटांची तीन चित्रं पाठवतो. आणि चित्रं काढणार मी! होड्यांवर नावं रंगवतो ना. "हात स्थिर आहे तुझा," म्हणाले. मला आजवर असं कोणी म्हटलेलं नाही.

जेवताना दाजींना सांगितलं. दाजी माझे थोरले चुलते, गावचे गावकर. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मला लहानाचं मोठं त्यांनीच केलं. भात कालवता कालवता म्हणाले, "तीन चित्रां? तुझ्या हातसून एक तरी होडी पुरी रंगली हा?"

रुक्मिणीकाकी पलीकडून, "दोन अक्षरां रंगवतलो, नि तिसऱ्याक खंय तरी गजाली मारूक जातलो."

हसले दोघे. पुरी करून दाखवतो. तीनच्या तीन!

१४ ऑक्टोबर

सड्यावर, गावच्या उंच कातळी माळावर, खांब उभा राहिला. शंकर मेस्ताने बांधला. तो होड्या बांधतो, त्यामुळे काहीही बांधायला दिलं तरी तुफानात टिकेल असंच बांधतो. चिऱ्याचा खांब, वर फणसाच्या लाकडाचा दोन फाट्यांचा दुबेळका. दुर्बीण त्यात बसते, हलत नाही. पूर्वेला थेट सह्याद्रीपर्यंत उघडं. गावात दुसरी अशी जागा नाही.

शंकर चुना लावता लावता म्हणाला, "लढाई संपली नाय तोच ह्यो शेपटेवालो. काय वाईट घडला तर खांब कोणी बांधलो ता सांगू नकात."

चुना आणायचं काम माझं होतं. पोचायला दुपार झाली. वाटेत बाया काथ्या वळत होत्या, हातात सुंभ कसं वाढत जातं ते बघत राहिलो. त्यावरून शंकरचं ऐकून घेतलं. बरं, चुना आला ना शेवटी?

१७ ऑक्टोबर, रविवार

संताप! संताप!

मास्तरांच्या मनात आलं, गावाच्या सड्यावर खांब घातलाय तर देवाचा कौल घेऊ, म्हणजे उद्या कोणी आडवं येणार नाही. मी म्हटलं, आभाळाकडे बघायला परवानगी कसली? "बाळा, तू गप्प राहा. माणसं आपल्या बाजूला हवीत."

देवळात माणसं जमली. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. रवळनाथाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली. खांबाला हो! मास्तर माझ्याकडे बघून हसले — बघ, झालं की नाही?

तिथेच उठायचं ना! पण मागून कोणीतरी म्हातारा बोललाच. "देव बसलोच आसा, तर पळणीचा पण इचारून घेवया. चार वर्सा झाली." दाजींनी विचारलं. पुन्हा उजवी!

गावपळण. तीन दिवस अख्खा गाव सीमेबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची, गावात कोणी पाऊल घालायचं नाही. आणि दिवस कुठले ठरले? २९, ३०, ३१! ऐन शेंडेनक्षत्राच्या पहाटा. खांब सड्यावर, सडा सीमेच्या आत, आणि आम्ही बाहेर.

कोणी सांगितलं होतं विचारायला? आम्ही गेलो नसतो तर ही सभाच भरली नसती. आपल्या पायांनी जाऊन, नारळ ठेवून, आपलंच काम मोडून आलो!

दाजींना म्हटलं, चार दिवस पुढे ढकला.

"कौल म्हणजे काय एसटी आसा, पुढे ढकलूक?"

१८ ऑक्टोबर

मास्तरांशी बोललो नाही.

२१ ऑक्टोबर

बोललो.

आज ते सूर्याच्या कडेला असणार म्हणून भर दुपारी देवळाच्या कळसाच्या सावलीत उभे राहिलो. सूर्य कळसाआड, आणि बाजूचं आभाळ बघायचं. मास्तर, मी, शंकर. तासभर. काही नाही! मान आखडली, डोळ्यांपुढे हिरवे ठिपके, आणि शंकरच्या शिव्या. वाचलं की फुटलं कोण जाणे.

२८ ऑक्टोबर

वाचलं आहे. पेपरात आलंय, लोकांनी बघितलंय. लोकांनी! आम्ही नाही.

दिवाळी झाल्यापासून चार पहाटा सड्यावर गेलो. चारही पहाटांना पूर्वेला ढग. जसं कोणी मुद्दाम ओलं पांघरूण वाळत घातलंय. आज जरा फट पडली तर उजाडलेलं. उद्या सकाळी गाव सोडायचा. दुर्बीण खांबाशीच लाकडी पेटीत ठेवून आलो. मी म्हटलं बरोबर नेऊ. मास्तर म्हणाले, नेऊन लावणार कुठे? तळ पडणार व्हाळापलीकडे, ओढा ओलांडून खाडीकाठाला, सगळं सखल, आणि पूर्वेला हाच सडा आडवा.

पेटीला कुलूप नाही. पळणीत चोरसुद्धा गावात येत नाहीत.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

बाहेर पडलो. काकी कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन पुढे, मी मागे चटया नि टोप घेऊन. गाव मागे गप्प पडला. एक कोंबडं आरवेना. राग होता तरी मागे वळून बघितलं.

व्हाळ ओलांडल्यावर दाजींनी एकेका पुरुषाचा हात नारळावर ठेवून घेतला. तीन दिवस सीमा ओलांडणार नाही म्हणून. माझी पाळी आली तर म्हणाले, "तुझो हात वायच जास्ती वेळ ठेव रे." सगळे खिदळले.

ठेवला. शब्द दिला. पाळणार.

दाजींची झावळांची खोप सगळ्यांपासून लांब, सीमेच्या दगडाशी. गावकराने तिथे एकट्याने दिवा राखायचा. बाकी लोक काय खुशीत! वडे, कोंबड्याचा रस्सा, बायांच्या फुगड्या. लग्नाचा मांडवच जसा. आभाळात काय चाललंय त्याचं कोणाला काही नाही. मला घास जाईना. (दोनदा वाढून घेतलं. पण राग होताच.)

३० ऑक्टोबर

दिसलं! म्हणजे अर्धंच.

पहाटे मास्तरांनी हलवून उठवलं. बाहेर आलो. सड्याच्या काळ्या पाठीवरून पांढरा पट्टा वर आलेला, किंचित वाकलेला, वर जाऊन विरत गेलेला. सुकत आलेला कुंचला एका दमात ओढावा तसा. हात लांब करून मोजला, दोन मुठी भरला. एवढी शेपटी! मग तोंड कसं असेल?

तोंड सड्याआड. आमच्याच सड्याआड! जिथे आमचा खांब, आमची दुर्बीण. ते वर येईपर्यंत फटफटलं नि सगळं पुसून गेलं. मुंबईच्या मंडळाला काय पाठवू? शेपटीचा शेंडा नि खाली डोंगर?

तळातली माणसं उठून आली. कोणी हात जोडले, कोणी पोरांचे डोळे झाकले. दाजीही दगडाशी उभे राहून बघत होते, सगळ्यात जास्त वेळ. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, अर्धा तास जाऊ द्या दाजी. जातो, काढतो, येतो.

"हात खंय ठेवललंस काल?" म्हणाले नि आत गेले.

३१ ऑक्टोबर, रविवार

रागात लिहितोय. अक्षराकडे बघू नये.

शेपटीचं तरी नीट चित्र काढू म्हणून मास्तरांच्या आधी उठलो. खाडीकाठाने उघड्या जागेकडे निघालो. तिथे पाण्यात एक जण पाग टाकत होता, पलीकडच्या गावचा. पाग फेकला की जाळं हवेत गोल उघडतं ना, ते अंधारात नुसतं ऐकू येतं. आधी फर्रर्र, मग सगळीकडून एकदम पाणी वाजतं. ते ऐकत राहिलो. मग उतरलोच पाण्यात, त्याला जाळं ओढू लागलो. मान वर केली तर तांबडं फुटलेलं. चित्र गेलं! स्वतःला शिव्या घालत, गुडघ्यापर्यंत ओला, तळावर परत आलो. बघतो तर सगळा तळ उभा. आणि माझ्याकडे बघतोय.

सड्यावर माणूस दिसला होता. खांबापाशी. तांबड्या आभाळावर काळा, दुर्बिणीला वाकलेला. पन्नास जणांनी बघितला.

"इलो बघा, इलो!"

"पाय बघा तेचे. व्हाळ उतरून इलो हा."

मी सांगितलं, मी खाडीवर होतो, पागवाल्याबरोबर. "खंयचो पागवालो? नाव काय तेचा?" नाव विचारलंच नव्हतं! शंकर पुढे होऊन म्हणाला, "बाळा, खोटा तरी जरा बरा बोल."

दुपारी सभा. पळण बाटली. आणखी तीन दिवस बाहेर राहायचं. तिकडे कापलेलं भात खळ्यावर पडलंय, त्यामुळे बाया माझ्याकडे बघून बोटं मोडतायत. खांब पाडायचा. आणि मी उद्या सकाळी सभेत कबूल होऊन दगडाशी नाक घासायचं. नाहीतर ह्या गावात पुन्हा पाऊल नाही.

न केलेल्याचं नाक घासायचं!

मास्तर बाजूला घेऊन गेले. वाटलं, हे तरी समजतील. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "बाळा, मला तरी सांग. तोंड कसं दिसलं?"

शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं.

आणि दाजी! सभेत गावकराने बोलायचं. एक शब्द नाही. खाली मान. मी सरळ पुढ्यात जाऊन बसलो. "दाजी, मी नाय." मान वर केली नाही. नारळावर हात त्यांनीच ठेवून घेतला होता. माझ्या हाताला धरून चालायला शिकवलं त्यांनी, आणि एवढं म्हणवेना, की पोरगा खरं बोलतोय!

अर्धवट कामं केली जन्मभर, कबूल. होड्या, दुकान, शाळा, सगळं अर्धं. पण हा शब्द पुरा पाळला. पहिल्यांदा एक गोष्ट पुरी केली, आणि नेमकी तीच कोणाला पटत नाही!

काकीने संध्याकाळी भाकरी आणून दिली. "केलंस तर केलंस रे झिला. सांगून टाक नि जेव." ती सुद्धा!

नाक घासणार नाही. उजाडायच्या आत निघतो. रेडी बंदरात खनिज भरायचं काम सुरू झालं असेल. तिथे कोणी नारळावर हात ठेवून घेत नाही.

१ नोव्हेंबर, पहाट

बोचकं बांधून उठलो, आणि दाजी आलेत. दिवा सोडून आलेत! दारात उभे आहेत, आत येत नाहीत. मी वही मिटत नाही, कारण त्यांच्याकडे बघवत नाही.

"बाळा, सड्यार तो मी होतंय."

मग, "सभेत सांगूक जातंय. गावकरकी जातली, जांव दे. तू माझ्या वांगडा चल."

आणि आता, अगदी हळू — "ती दुर्बीण धरतत कशी रे? माका काळोख सोडून काय दिसूक नाय."