दोन माणसांची खोली

२३ ऑक्टोबर १९९१, धुळे
पणजीहून पत्र. ह्यांच्या नावाचं. लॉजवाल्याचं. "आपल्या जूनच्या पत्रानुसार दि. १२ ते १५ नोव्हेंबर दोन माणसांची खोली राखून ठेवली आहे. येण्याचे कळवावे."
पोस्टमननं हातात दिलं आणि मान खाली घालून सायकलवर बसला. त्यालाही माहीत आहे. देवपुरात आता सगळ्यांनाच.
जूनमध्ये पत्र टाकलं होतं, मला बोलले नाहीत. समुद्र बघायचा हे लग्नापासून चालू होतं. ड्रॉइंग मास्तर आणि समुद्र पाहिलेला नाही, मुलांना काढून दाखवतो तो कॅलेंडरवरचा, असं म्हणायचे. जुलैत कावीळ झाली. बारा दिवस, आणि संपलं.
पत्र डाळीच्या डब्यात ठेवलं. सासूबाईंना सांगितलं नाही. (सासूबाई कसलं. सात वर्षं माय म्हणते, ह्यांच्यासारखी.)

२६ ऑक्टो.
मायनं डाळ काढायला डबा उघडला. तिला वाचता येत नाही. तरी पाकीट हातात धरून बसली होती, मी ऑफिसातून येईपर्यंत.
"कोनं शे?"
सांगावं लागलं. नको म्हणून कळवते म्हटलं.
"कसाले?"
"आता काय जायचं, माय."
भात शिजला, ताटं झाली, आणि मग, "आपन जासूत. मी बी समुद्र दखेल नही."
जेवता जेवता विचारलं, खोली कितला जनसनी शे. तिघांची, म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

३० ऑक्टो.
नानांचं अंतर्देशीय, शिरपूरहून. दाटीचं अक्षर पाहिलं तेव्हाच कळलं, वडील इतकं लांबलचक कधी लिहीत नाहीत. स्थळ आहे. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, सहा वर्षांची मुलगी. "तुला एकतीस पूर्ण. मूल ना बाळ. टेलिफोन ऑफिसची बदली शिरपूरला होऊ शकते, मी चौकशी केली. विहीणबाई थोरल्या मुलाकडे पारोळ्याला जातील."
पारोळ्याला. थोरल्या जाऊबाईंनी मायच्या पुढून ताट ओढून घेतलं होतं, भरलेलं. तेव्हाच हे तिला घेऊन आले. त्यानंतर ती पारोळ्याच्या गाडीतसुद्धा बसलेली नाही.
पत्र उशीखाली ठेवलं. उत्तर लिहायला बसले, "ती. नानांस सा. न." इथवर आलं.

९ नोव्हें.
दिवाळी गेली. पणती लावली नाही, फराळ नाही. शेजारच्या रजनीनं ताट आणून दिलं.
लॉजला येतो म्हणून तार केली. ऑफिसात आठ दिवसांची रजा. साहेबांनी कारण विचारलं, "बाहेरगावी" म्हटलं. शेजारच्या टेबलावरची सुमनताई म्हणाली, "चार महिने नाही झाले गं." वाईट मनानं नाही. पण बोललीच.
मायनं ट्रंकेतून दोन बांगड्या काढल्या. "हातमा घाल. परगावले मोकळा हात बरा दिसत नही." टिकलीचं पाकीटही पुढं केलं. तिनं स्वतः. मी घातल्या. काळी टिकली लावली. आरशात बघवेना.

१२ नोव्हें., पणजी
काल सकाळी धुळ्याहून निघालो, आज उन्हं आल्यावर पोचलो. माय वाटेत फक्त दशमी-चटणी. तिला ओकारी झाली नाही, मलाच झाली.
लॉजवाला: "साहेब मागून येताहेत?" नाही म्हटलं. वहीत माझं नाव लिहिलं. खोलीत दोन खाटा. मायनं दोन्ही मोजल्या, मला दिसलं. खिडकीतून नदी दिसते, माय म्हणते हाच समुद्र. म्हटलं, नाही, ही नदी. "इतली मोठी?" आणि तापीचं नाव काढून जरा रुसलीच.

१३ नोव्हें.
लॉजवाल्यानं सांगितल्याप्रमाणे फिरायची गाडी धरली. निळी, मोठ्या काचांची. सकाळी एकदा तिकीट काढायचं, मग दिवसभर हवं तिथं उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या गाडीत चढायचं. तासाला एक गाडी. मिरामार, दोनापावल, जुनं गोवं, मंगेशी, परत पणजी.
माय उतरलीच नाही. कुठंच. मिरामारला सगळी गाडी रिकामी झाली, ही पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.
"उतरनूत आनि गाडी निंघी गयी तं?"
"मागून दुसरी येते. कितीदा सांगू."
"तू जाय. मी आठेच बससू."
एकटीला सोडून कशी जाऊ. कंडक्टर म्हातारा आहे, म्हणाला, राहू दे बाये, आजी घाबरते. दोन फेऱ्या केल्या. समुद्र चारदा पाहिला, चर्च दोनदा, सगळं काचेतून. देवळापाशी तरी उतरेल वाटलं. बसल्या जागी हात जोडले.
संध्याकाळी भडकले. मग आलात कशाला, मी इतकं ओकत यायचं, चार लोकांची बोलणी खायची. माय बांगड्यांकडे बघत होती, माझ्या. शेवटी म्हणाली, "उद्या उतरसू." जेवली नाही. मीही.

१४ नोव्हें.
आजचं नीट लिहायचं आहे. विसरायला नको. की विसरायला हवं?
गाडीत पुढच्या बाकावर नवं जोडपं. मिरामारचं वळण आलं आणि माय मोठ्यानं म्हणाली, "कितलं पानी शे वं बाई!" पुढची मुलगी गर्रकन वळली. "आजी, तुम्ही आपल्याकडच्या!" भुसावळची, कविता. नवरा रेल्वेत. लग्नानंतरची पहिली दिवाळी करून आलेली, हातावर मेंदी. तीन दिवस आपलं बोलणं ऐकलं नव्हतं म्हणे, मायचा हातच धरला.
मग मला: "ताई, मिस्टर नाही आले?"
"त्यांना शाळेचं काम निघालं."
म्हणाले मी असं. मायकडे बघायची छाती होईना. वाटलं आता ही रडणार, किंवा सांगून टाकणार.
माय म्हणाली, "त्याले चित्र काढाना शेतस. मोठा कार्यक्रम शे शायना. जेवाले बी टाइम नही."
बस. तिथून सुरू झालं. कविता विचारायची, माय सांगायची. त्याला वांग्याचं भरीत कसं लागतं, तिखट किती, लहानपणी कोळशानं भिंती कशा रंगवायचा. मी पण. ते म्हणतात समुद्र काढायला निळा कमी लागतो, राखाडी जास्त. "म्हणतात." मी खरंच "म्हणतात" म्हणत होते.
माय उतरली! कविताचा हात धरून, मिरामारला. लुगडं वर खोचून गुडघ्यापर्यंत पाण्यात. लाट आली की दोघी ओरडायच्या. ओंजळीनं पाणी तोंडाला लावलं. "खारं शे. मना मधूले सांगसू." चेहरा असा की आत्ता घरी जाऊन खरंच सांगणार.
मागच्या गाडीनं दोनापावल. तिथूनही मागच्या गाडीनं पुढं. जिथं उतरलो तिथं गाडी आली. मंगेशीला माय पायऱ्या भराभर चढली.
कवितानं विचारलं, ताई तुमचा प्रेमविवाह का? हसले. नाही गं, बघून. मला बघायला आले तेव्हा पोह्यांऐवजी माझ्या मागच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग बघत होते, म्हणाले, घोडा दिसतो. ती इतकी हसली. माय पण. तिला ही गोष्ट माहीत नव्हती.
दुपारी दोघींनी पोटभर जेवण केलं. चार महिन्यांत पहिल्यांदा अन्नाला चव.
लॉजवर आल्यावर मात्र माय भिंतीकडे तोंड करून झोपली.

१५ नोव्हें.
आज नको होतं जायला. माय म्हणाली, दोनापावलले चाल, तठे हवा शे. जोडपं परत गाडीत.
कविताचा नवरा बोलका. आमची मावशी देवपुरातच आहे, पुढच्या महिन्यात पाया पडायला यायचंच आहे, मास्तरांना भेटू, हिला चित्रकलेची फार हौस. खिशातून डायरी काढली. "पत्ता सांगा ताई."
पत्ता आठवेना. खरंच. स्वतःच्या घराचा. खोटा काहीतरी सांगायला तोंड उघडलं...
"तो नही शे," माय म्हणाली.
"कुठं गेले?" कविता.
"आखाडमा गया. कावीळनी. काल आम्ही खोटं बोलनूत, पोरी. तू इचारं आनि आमले बरं वाटनं."
कविताचा हात तोंडावर. आणि मायचं थांबेना, "हाई मनी सून. हिनं लगन शे आते. शिरपूरले. मी सोता उभी ऱ्हाईसन करसू."
मला काय झालं ठाऊक नाही. दोनापावल आलं तशी उतरले, मागं न बघता चालत सुटले. चिडले होते, लाजले होते, आणि... गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा भान आलं. माय आत राहिली! वळले तर ती रस्त्यावर. पिशवी काखेत. कुणाचा हात न धरता उतरली होती.
कठड्याला टेकून बसलो.
"कुणी सांगितलं तुम्हाला?"
"उशीखाले पत्र व्हतं. रजनीनी वाची दखाडं." मग हळूच, "लॉजनं बी तिनीच वाचं. दोनजनसनी खोली. माले त्यानं धरेल नव्हतं."
ह्यांच्या वतीनं काय सांगू. म्हटलं, "राग नाही आला?"
"कोनावर करू?"
खाली दगडावर पाणी आपटत होतं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, मूल पुसतात तसं.
"मी हो म्हटलेलं नाही, माय."
"नही बी म्हनेल नही."
खरं आहे ते. उशीखाली जपून ठेवलं होतं, फाडलं नव्हतं. रात्री त्या मुलीचं नाव काय असेल, असं एकदा मनात आलं होतं. हे कुणाला सांगायचं. इथंच लिहिते.
"तुम्ही कुठं राहाल?"
"ती दख. गाडी उनी."
चढलो. जोडपं त्यात नव्हतं. पत्ता द्यायचा राहिला. बरंच झालं. की नाही?

१७ नोव्हें., धुळे
आलो. कुलूप काढलं, घरात कोंदट वास. मायनं पहिल्यांदा त्यांच्या फोटोवरची धूळ पुसली. खारं शे, वगैरे काही म्हणाली नाही. मी वाट बघत होते म्हणेल म्हणून.
बांगड्या अजून हातात. काढ म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही.

२० नोव्हें.
ऑफिसात दिवसभर कॉल. एक पारोळ्याचा जोडून दिला, थोरल्या भावजींचा आवाज असल्याचा भास. नव्हता.
घरी आले तर मायची ट्रंक उघडी. लुगड्यांच्या घड्या घालत होती. उन्हात टाकायची आहेत म्हणाली. ऊन कधीच उतरलं होतं.
नानांचं कार्ड. रविवारी येतो, काय ते सांगून टाक.

२४ नोव्हें., रविवार
नाना येऊन गेले.
माय पहाटेपासून मांड्यांच्या मागे. मोठं खापर मागून आणलं शेजारून. पासष्टीची बाई, मांडा हातावर झुलवत कोपरापर्यंत मोठा करते अजून. व्याह्याला पुरणाचे मांडे हवेतच म्हणे. नाना चार जेवले.
जेवताना नाना त्या माणसाचं सांगत होते. शांत आहे, व्यसन नाही. मुलगी हुशार, तिचं नाव मंजिरी. माय दारात उभी राहून ऐकत होती, मधेच विचारलं, "तिले गोड आवडस का?" आणि आत गेली.
"मग?" नाना म्हणाले.
"आठ दिवस द्या."
"आठ दिवसांनी काय वेगळं होणार आहे, शैला?"
ते निघाले. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत बरोबर गेले. तिथं उभी राहून सांगितलं. त्यांना एक विचारा, म्हटलं. मी एकटी येणार नाही. आले तर माय बरोबर असेल. कायमची.
नाना हसले. "अगं, असं कुठं असतं का? पहिल्या नवऱ्याची आई?"
मी हसले नाही, तेव्हा थांबले. टोपी काढली, झटकली, परत घातली. पलीकडे बघत म्हणाले, "विचारतो."
विचारतील का? आणि विचारलं तर तो माणूस काय म्हणेल, आणि हो म्हणाला तर मी काय म्हणणार आहे, आणि माय तरी येईल का. तिला तर विचारलेलंच नाही मी.
तेवढ्यात मागून माय आली, धापा टाकत. फडक्यात बांधलेले मांडे. त्या पोरीसाठी. नानांच्या हातात दिले.
परतताना विचारलं, "काय बोलनात नाना?"
"मांडे आवडले म्हणाले."
"मंग आखो दोन देवाना व्हतात," माय म्हणाली.